त्याचं वाक्य जिथं थांबलं होतं

गॅसच्या लायटरची कळ दाबली की टक् असा आवाज होतो आणि ठिणगी पडते. आत बॅटरी नसते. असतो तो एक छोटासा खडा. त्यावर जोराचा दाब बसला की त्याच्या दोन अंगांना वीज साठते आणि ती हवेतून उडी मारते. स्फटिकांचा हा गुण १८८० साली पॅरिसमध्ये दोन भावांनी शोधून काढला. थोरला जाक क्युरी चोविशीचा, धाकटा पिएर एकविसाचा. हे मी कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पिएर क्युरी म्हणजे मादाम क्युरींचे मिस्टर ना?"

हो, तेच. या प्रश्नात वावगं काही नाही, पण त्यामागे एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. ज्या बाईमुळे हा माणूस आज 'अमकीचा नवरा' म्हणून ओळखला जातो, तिनंच नवरा गेल्यावरची अठ्ठावीस वर्षं त्याची आठवण जपण्यात घालवली होती. आपल्याकडे माणूस गेला की फोटोला हार घालतात, पुण्यतिथीला जेवायला बोलावतात, गेलेल्याचे किस्से सांगतात. मारी क्युरीनं यातलं काहीच केलं नाही. घरात तर तिनं त्याचं नाव घेणंही जवळजवळ सोडून दिलं. तिनं जे केलं ते कामातून केलं आणि इतकं केलं की शेवटी काम करणारीच लोकांच्या लक्षात राहिली. एका घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याची आठवण कशी घडते, कोण ती घडवतं आणि त्यातून काय निसटतं, हे पाहायला मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही.

त्या आठवड्यात

१९०६चा ईस्टर. क्युरी कुटुंब पॅरिसजवळच्या सँ-रेमी गावात सुट्टीला गेलं होतं. पिएर शेहेचाळीस वर्षांचा, मारी अडतीस. थोरली इरेन आठ वर्षांची, जाळी घेऊन फुलपाखरांमागे पळणारी. धाकटी एव्ह सव्वा वर्षाची, नुकती पाय टाकू लागलेली. पिएरनं तिथल्या पाणथळ जागेतली पिवळी फुलं खुडली आणि तो गुच्छ घेऊन तो आधी पॅरिसला परतला. मारी मुलींना घेऊन मागाहून आली. तो गुच्छ फुलदाणीत त्याच्यापेक्षा जास्त दिवस टिकला.

गुरुवार, १९ एप्रिलची सकाळ कुठल्याही घरातल्या सकाळीसारखीच होती. मारी वर मुलींचं आवरत होती. बाहेर पडता पडता पिएरनं खालून हाक मारून विचारलं, आज प्रयोगशाळेत येणार का? तिनं उत्तर दिलं की माहीत नाही, उगाच भंडावू नकोस. दोघांमधलं शेवटचं बोलणं हेच. बारा वर्षांच्या सोबतीचा शेवट असल्या वाक्यानं झाला, याचा सल तिच्या डायरीत उमटलेला आहे.

दिवसभर पाऊस होता. प्राध्यापकांची बैठक आणि दुपारचं जेवण आटोपून पिएर सेन नदीकाठच्या प्रकाशकांकडे मुद्रितं पाहायला गेला, पण संपामुळे तिथलं दार बंद होतं. तो मागे फिरला. पाँ नफ पुलाजवळ दोफिन रस्त्याच्या तोंडाशी एका घोडागाडीच्या मागून तो रस्ता ओलांडायला निघाला, आणि समोरून लष्करी गणवेशांनी लादलेली जड मालगाडी आली. दोन दांडगे घोडे, जवळपास सहा टन वजन. तो घोड्याला थडकला, आधारासाठी त्याच्याच अंगावर लोंबकळला आणि ओल्या फरसबंदीवर घसरून पडला. घोडे आणि पुढची चाकं त्याला न चिरडता गेली. मागच्या डाव्या चाकानं डोकं फोडलं.

रस्त्यावर गर्दी जमली आणि लोक गाडीवानाला मारायला धावले. गाडीवानाची चूक फारशी नव्हतीच. पिएरचे पाय बरीच वर्षं दुखत होते. घरचे त्याला संधिवात म्हणत. रेडियमनं त्याची बोटं आणि दंड भाजले होते, शरीर पोखरलेलं होतं. त्या दिवशी पाय घसरला तो पावसानं, दुखण्यानं की त्याच्या नेहमीच्या तंद्रीनं, हे कुणालाच सांगता आलेलं नाही. बातमी घेऊन आलेल्या दोघा सहकाऱ्यांचे चेहरे पाहूनच त्याच्या वडिलांनी, डॉ. एझेन क्युरींनी, ओळखलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा एवढंच म्हणाला की या वेळी तो कसल्या स्वप्नात होता?

मारी संध्याकाळी घरी परतली तेव्हा हे सगळं तिच्यासाठी वाट पाहत थांबलं होतं. पोलिसांकडून त्याच्या वस्तू आल्या: पेन, किल्ल्या, पाकीट आणि घड्याळ. काच शाबूत होती आणि घड्याळ चालू होतं.

स्वप्नाळू माणूस

वडिलांचं ते वाक्य निष्ठुर वाटेल, पण ते एका बापाचं होतं आणि ते लेकाला जन्मापासून ओळखत होते. डॉ. एझेन क्युरी जहाल प्रजासत्ताकवादी आणि नास्तिक. १८७१च्या कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या लोकांच्या उठावाच्या, धामधुमीत त्यांनी आपल्या घरात जखमींवर उपचार केले होते. पिएरचं डोकं एका वेळी एकाच गोष्टीत शिरायचं आणि तिथून बाहेर यायला वेळ लागायचा. शाळेत हा मुलगा मोडेल असं ओळखून आईवडिलांनी त्याला शाळेत घातलंच नाही. तो घरी शिकला, रानावनात हिंडून शिकला. तरी सोळाव्या वर्षी पदवी परीक्षेच्या आधीचा टप्पा आणि अठराव्या वर्षी विज्ञानाची पदवी त्याच्या हातात होती. स्वतःला तो मंद बुद्धीचा समजायचा.

त्याच्या कामाची यादी पाहिली की त्याचं स्वतःबद्दलचं हे मत कुठून आलं असेल, असा प्रश्न पडतो. दाबानं वीज देणारे स्फटिक. त्या स्फटिकावर चालणारं, अतिसूक्ष्म विद्युतभार मोजणारं उपकरण. तापवल्यावर लोहचुंबक आपलं चुंबकत्व ज्या तापमानाला गमावतो, ते 'क्युरी तापमान'. सममितीबद्दलचा १८९४चा सिद्धांत, जो भौतिकशास्त्रात आजही त्याच्या नावानं शिकवतात. हे सगळं रेडियमच्या आधीचं आहे. मारी त्याला भेटली नसती, तरी भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत तो राहिलाच असता. आणि हे सगळं त्यानं केलं पॅरिस महापालिकेच्या औद्योगिक शाळेत, तुटपुंज्या पगारावर, प्रयोगाला धड खोली नसताना. ओळख लावून वरची जागा मिळवणं त्याला जमत नव्हतं. सरकारनं सन्मानपदक देऊ केलं तेव्हा त्यानं कळवलं की पदकाची मला गरज वाटत नाही, प्रयोगशाळेची मात्र फार आहे.

१८९४च्या वसंतात एका पोलिश प्राध्यापकाच्या घरी त्याची गाठ मारिया स्क्लोदोव्स्का या विद्यार्थिनीशी पडली. त्यानं तिला भेट दिली ती फुलांची नाही, तर सममितीवरच्या आपल्या निबंधाची. पुढच्या वर्षी २६ जुलैला पॅरिसजवळच्या सो गावच्या नगरपालिकेत लग्न झालं. चर्च नाही, अंगठ्या नाहीत, पांढरा पोशाख नाही. आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेतल्या आणि मधुचंद्राला त्यांवरूनच फिरले. १८९८ साली मारीनं पोलोनियम आणि रेडियमचा माग काढला तो पिएरच्या उपकरणानं. त्यानं आपलं स्फटिकांचं काम बाजूला ठेवलं आणि तिच्या कामात उतरला. त्यांच्या प्रयोगवह्यांत दोन हस्ताक्षरं आळीपाळीनं येतात, कधी एकाच पानावर.

१९०३च्या नोबेलच्या वेळी फ्रान्समधून गेलेल्या शिफारशीत मारीचं नाव नव्हतं. स्वीडनमधून हे कानावर आल्यावर पिएरनं कळवलं की माझा विचार होणार असेल तर मादाम क्युरींसोबतच व्हावा. १९०५च्या जूनमध्ये त्यानं स्टॉकहोमला दोघांच्या वतीनं व्याख्यान दिलं. मारी श्रोत्यांत बसली होती. त्या व्याख्यानात कुठला शोध एकट्या तिचा आणि कुठला दोघांचा, हे त्यानं नीट वेगळं करून सांगितलं.

एका छताखाली दोन शोक

दफनाचा दिवस मारीनं मुद्दाम अलीकडे आणला, म्हणजे सरकारी शिष्टमंडळं, मिरवणूक आणि भाषणं टळतील. २१ एप्रिलला सो इथं, पिएरच्या आईच्या कबरीत त्याला ठेवलं. शिक्षणमंत्री ब्रियाँ तरीही आले, पण गुपचूप. शवपेटीत मारीनं बागेतली निळी फुलं ठेवली, आपल्या सदाफुलीच्या नात्यातली. सोबत तिचा एक जुना फोटो ठेवला, पिएरचा लाडका.

इरेनला शेजारच्या पेरँ कुटुंबाकडे ठेवलं होतं. आईनं येऊन सांगितलं तेव्हा ती खेळत होती आणि खेळतच राहिली. मारीला वाटलं, लहान आहे, कळलं नाही. आई वळून गेल्यावर मुलगी रडायला लागली आणि मला घरी न्या म्हणाली.

तीस एप्रिलपासून मारीनं डायरी लिहायला घेतली. तिची सगळी पानं पिएरला उद्देशून आहेत. ती त्याला सांगते की बागेत कुठली फुलं आलीत, तुला आवडली असती. ती त्याला सांगते की तुझी जागा मला दिली आहे आणि त्याबद्दल अभिनंदन करणारे मूर्खही भेटले. जूनमधल्या एका दिवशी तिनं बहिणीला, ब्रोन्याला, खोलीत बोलावलं. उन्हाळा असून शेगडीत जाळ होता. मारीनं कपाटातून एक पुडकं काढलं. त्यात अपघाताच्या दिवशीचे पिएरचे कपडे होते, रक्त आणि चिखलासकट. ते कात्रीनं कापून ती एकेक तुकडा आगीत टाकू लागली. काही तुकड्यांचं चुंबन घेत थांबायला लागली, तेव्हा ब्रोन्यानं ते तिच्या हातून घेतले आणि जाळले. तोवर दोन महिने झाले होते.

त्याच घरात सासरे होते. त्यांनी मुलगा गमावला होता, पण कबरीची पूजा त्यांना मान्य नव्हती. दफन झाल्यावर ते पुन्हा स्मशानात गेले नाहीत. जिथं पिएर उरलाच नाही, तिथं जाऊन काय करायचं, हा त्यांचा हिशोब होता. मारीनं त्यांना मोकळीक दिली होती की हवं तर थोरल्या मुलाकडे राहा. ते सुनेकडेच राहिले. तिनं बिऱ्हाड सो गावात हलवलं, नवऱ्याच्या कबरीजवळ, आणि रोज आगगाडीनं पॅरिसला जाऊ लागली. दिवसभर नातींजवळ आजोबा होते. इरेनला वनस्पती ओळखायला शिकवणं, कविता म्हणून दाखवणं, बागकाम, हसवणं हे सगळं त्यांच्याकडे. बाप कसा होता हे इरेनला कळलं असेल तर या म्हाताऱ्याकडून. किस्से सांगून नव्हे, पिएरला जसं वाढवलं होतं तसंच तिला वाढवून.

मला या दोन तऱ्हांपैकी कुठली बरोबर हे ठरवायचं नाही. पण शोकाचा विषय निघाला की लोक मारीचीच बाजू सांगतात, सासऱ्यांना विसरतात. घर उभं राहिलं ते दोघांच्या वाटणीवर: तिनं दुःख आपल्याकडे ठेवलं, त्यांनी मुली सांभाळल्या.

५ नोव्हेंबर, दुपारी दीड

सरकारनं विधवेला निवृत्तिवेतन देऊ केलं. पाश्चरच्या पत्नीला तसं दिलं होतं. मारीनं नाकारलं: मी अडतीस वर्षांची आहे, कमावू शकते. मग विद्यापीठानं पिएरसाठी दोनच वर्षांपूर्वी निर्माण केलेलं अध्यापनपद तिला दिलं. सॉर्बोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या त्या विद्यापीठात, तोवर कुठल्याही बाईनं शिकवलं नव्हतं.

उन्हाळ्यात मुलींना गावाला पाठवून ती पॅरिसमध्ये त्याची टिपणं घेऊन बसली. ५ नोव्हेंबरला सकाळी ती आधी सो इथं कबरीपाशी गेली. दुपारी सभागृहात विद्यार्थ्यांपेक्षा बघे जास्त होते: उमरावांच्या बायका, पत्रकार, कलावंत. नव्या प्राध्यापकानं आधी मंत्र्यांचे आभार मानायचे आणि आपल्याआधी त्या जागेवर असलेल्याची स्तुती करायची, असा रिवाज. रडणारी विधवा पाहायला मिळेल या अपेक्षेनं बरेचजण आले होते, हे उघड आहे.

ती आली, टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली आणि बोलू लागली ते गेल्या दहा वर्षांत वीज आणि पदार्थ यांबद्दलच्या कल्पना किती पुढे गेल्या याविषयी. पिएरनं आपला पाठ ज्या वाक्यावर सोडला होता, नेमकं तिथून तिनं उचललं होतं. त्याचं नाव नाही, आभार नाहीत, आवंढा नाही. रेडिओअॅक्टिव्हिटीवरचा, म्हणजे किरणोत्सारावरचा, तास सरळ शेवटपर्यंत घेतला आणि ती निघून गेली.

पिएर एकदा तिला म्हणाला होता की आपल्यापैकी एक जण गेला, दुसऱ्याचं शरीर आत्म्यावाचून उरल्यासारखं झालं, तरी काम करतच राहायला हवं. त्या दुपारी तिनं हेच केलं. स्तुतीपर भाषणात त्याचं मोठेपण सांगणं सोपं होतं, आणि ते दुसरं कुणीही करू शकलं असतं. त्याचं अपुरं वाक्य पुरं करू शकणारी एकटी तीच होती.

एका ग्रॅमचा आग्रह

या पुढचा भाग चरित्रांत घाईनं उरकतात, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पिएर जाऊन चार महिने होतात तोच, ऑगस्ट १९०६ मध्ये, लॉर्ड केल्व्हिननं लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून रेडियम मूलद्रव्यच नाही, ते शिसं आणि हेलियम यांचं संयुग असावं, असं सुचवलं. केल्व्हिन म्हणजे त्या काळच्या भौतिकशास्त्रातला भीष्म, आणि पिएरचा स्नेहीसुद्धा. त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं तर पिएरच्या शेवटच्या आठ वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं. मारीनं वाद घातला नाही. दबिएर्न या सहकाऱ्याबरोबर तिनं चार वर्षं राबून १९१० साली शुद्ध रेडियम धातू वेगळा काढून दाखवला. दरम्यान १९०८ साली पिएरचे सगळे निबंध एकत्र छापले गेले. त्याची प्रस्तावना तिची आहे.

१९१० मध्येच ब्रसेल्सच्या परिषदेत किरणोत्साराच्या मापाचं एकक ठरलं आणि पिएरच्या स्मरणार्थ त्याला 'क्युरी' हे नाव द्यायचं ठरलं. काहींना हे एकक अगदी लहान हवं होतं, मोजायला सोयीचं. मारी अडून बसली: एकक एक ग्रॅम रेडियमवरच बेतलेलं असलं पाहिजे. हट्ट तिचाच चालला. परिणाम असा की 'क्युरी' हे व्यवहारात फार मोठं माप ठरलं. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेणाऱ्या रुग्णाच्या कागदावर आपल्याकडच्या रुग्णालयांतही 'मिलिक्युरी' लिहिलेलं असतं, ते यामुळे. बाईला नवऱ्याच्या नावानं चिमूटभर माप नको होतं, असं मला वाटतं. शास्त्रीय कारणंही तिच्याकडे होतीच.

१९११ साली तिला एकटीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि इथं आठवणीचा पेच सगळ्यांत उघड झाला. पिएर गेल्यापासून कुजबुज होती की डोकं त्याचं, हात हिचे. त्याला मोठं म्हणावं तर ही कुजबुज खरी ठरते. स्वतःचं सांगावं तर त्याच्या आठवणीशी प्रतारणा वाटते. तिनं स्टॉकहोमच्या व्याख्यानात दोन्ही केलं. हा सन्मान पिएर क्युरीच्या स्मृतीला आहे असं म्हटलं, आणि रेडियम वेगळं करण्याचं रासायनिक काम आपण स्वतः केलं हेही शब्द न चावता सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्याच शहरात पिएरनं जशी विभागणी केली होती, तशीच ही होती. तिनं त्याची नक्कल केली असं म्हणता येईल, पण या एका बाबतीत दोघांचा स्वभाव एकच होता.

त्याच हिवाळ्यात पॅरिसच्या काही वर्तमानपत्रांनी तिचा आणि पॉल लांजव्हँचा संबंध चव्हाट्यावर आणला. लांजव्हँ पिएरचा विद्यार्थी, विवाहित, बायकोपासून दुरावलेला. पाच वर्षं पिएरकडे ढुंकून न पाहिलेल्या वर्तमानपत्रांना एकाएकी त्याच्या नावाच्या पावित्र्याचा कळवळा आला. 'थोर शास्त्रज्ञाची विधवा' ही पदवी तिच्यावर दगडासारखी फेकली गेली. त्यात ती आजारी पडली, आणि दुखण्यातून उठेपर्यंत तिनं क्युरी हे नाव लपवलं. मुलींनाही पत्रं 'मादाम स्क्लोदोव्स्का' या नावानं पाठवायला सांगितलं. ज्या नावासाठी तिनं ब्रसेल्समध्ये हट्ट धरला, तेच नाव एक वर्षभर तिला घेता येईना.

पिएरला हवी असलेली प्रयोगशाळा अखेर १९१४च्या उन्हाळ्यात पुरी झाली. रस्त्याला पिएर क्युरीचं नाव दिलेलं होतं. मारीनं तिथं भिंती चढायच्या आधीच झाडं लावून घेतली होती. दोघांनी मिळून काढलेलं रेडियम, तेव्हाच्या हिशोबानं दहा लाख फ्रँकांहून जास्त किमतीचं, तिनं मुलींसाठी न ठेवता प्रयोगशाळेला देऊन टाकलं. काही नातलगांना ते रुचलं नाही, तेव्हा हयात असलेल्या सासऱ्यांनी मात्र साथ दिली. इमारत तयार झाली आणि ऑगस्टात महायुद्ध पेटलं.

मुली

एव्हला बाप आठवत नव्हता. सव्वा वर्षाच्या मुलीला काय आठवणार? तिला तो आईकडून मिळू शकला असता, पण आई त्याच्याविषयी बोलू शकत नव्हती. विषय निघाला की चेहरा मिटायचा. एव्ह पियानो वाजवायची, लिहायची, घरातली एकटी विज्ञानाबाहेरची. पुढे तिनंच आईचं चरित्र लिहिलं, १९३७ साली, आणि त्यात बापाला जागा दिली ती कागदपत्रांतून आणि डायरीतून वेचून. तीच डायरी, जी पुढे अभ्यासकांना १९९० पर्यंत पाहायला मिळाली नाही. ज्या मुलीला त्याचा आवाजही आठवत नव्हता तिच्या लेखणीनं पिएर क्युरी जगभरच्या घरांत पोचला, अर्थात आईच्या कथेतला एक माणूस म्हणून. लायटरच्या गोष्टीनंतर येणारा तो प्रश्न बहुधा इथूनच सुरू होतो.

इरेनचं वेगळं होतं. तिला बापाची शरीरयष्टी, संथपणा, अबोलपणा मिळाला होता. ती आईची सहायक झाली, आणि जानेवारी १९३४ मध्ये तिनं आणि तिच्या नवऱ्यानं कृत्रिम किरणोत्सार शोधला. त्या प्रयोगात किरणांचा उगम होता पोलोनियम, तिच्या आईवडिलांनी १८९८ साली शोधलेलं. आईबरोबर ती पिएरबद्दल बोलत होती का? मला वाटतं, त्या घरात तेवढी एकच भाषा दोघींना येत होती आणि ती प्रयोगवहीत लिहिली जायची. एव्हला ती भाषा येत नव्हती, म्हणून तिच्या वाट्याला शांतता आली. कामातून आठवण जपण्याची ही किंमत होती, आणि ती भरली धाकट्या मुलीनं.

मारीनं त्याच्यावर एकदाच सविस्तर लिहिलं, १९२३ साली, सतरा वर्षांनी. प्रस्तावनेत ती सांगते की हे लिहायला मन कचरत होतं, त्याच्या बालपणीच्या एखाद्या माणसानं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. लहानपणाचे तपशील तिनं जाककडून घेतले. पुस्तक कोरडं आहे असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यातला राग थंड आहे एवढंच. उमेदीची वर्षं गळक्या शेडमध्ये काढायला लावणाऱ्या देशाला ती त्याचा हिशोब देते.

सो गावची कबर

फेब्रुवारी १९१० मध्ये सासरे गेले. आदल्या वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते, मारी कामावरून येऊन त्यांचं करायची. कडाक्याच्या थंडीत सो इथं कबर उघडली तेव्हा तिनं खोदणाऱ्यांना एक गोष्ट करायला सांगितली, ती त्यांनाही चमत्कारिक वाटली. पिएरची पेटी आधी बाहेर काढा. सासऱ्यांची पेटी खाली ठेवा. मग तिच्यावर पिएरची. त्याच्या वरची जागा तिला स्वतःसाठी मोकळी हवी होती, मध्ये कुणी नको. ते होईपर्यंत ती तिथं उभी राहून पाहत होती.

४ जुलै १९३४ ला ती गेली आणि तिला त्या जागी ठेवलं. २० एप्रिल १९९५ ला दोघांच्या पेट्या तिथून हलवून पॅरिसच्या पाँतेआँमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, नेल्या, त्याच्या अपघाताच्या तारखेला एकोणनव्वद वर्षं आणि एक दिवस उलटल्यावर. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथं जागा मिळालेली ती पहिली बाई, म्हणून बातमी झाली ती तिची. आणि प्रयोगशाळेसमोरच्या त्या रस्त्याच्या पाटीवर, जिथं पूर्वी एकट्या पिएरचं नाव होतं, तिथं आता दोघांचं आहे.